रिकामा सभामंडप

देवस्थानांच्या वार्षिक सभांत एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर कधीच नसतो, आणि तरीही तो निघाल्यावाचून राहत नाही. हिशेब मंजूर होतात, पालखीच्या मार्गाचा वाद मिटतो, नव्या शिखराच्या वर्गणीचा आकडा वाचून दाखविला जातो. आणि मग सभा उठता उठता कोणी एक ज्येष्ठ गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणतात की, आपली मुले मिशनऱ्यांच्या कॉलेजांत जातात, तेथल्या मंडळांत व महोत्सवांत रमतात, आणि देवळाकडे फिरकतही नाहीत. साऱ्या माना डोलतात. या डोलणाऱ्या मानांपैकी कित्येकांनी आपल्या मुलाचे नाव त्याच कॉलेजांच्या प्रवेशयादीत यावे म्हणून गेल्या जूनमध्ये चार उंबरठे झिजविलेले असतात, ही गोष्ट त्या क्षणी कोणालाही आठवत नाही.

या सुस्काऱ्याची झडती घेणे हा या लेखाचा हेतू आहे. ज्या कॉलेजात आपण आपला मुलगा आनंदाने पाठवितो त्याच कॉलेजाची निंदा देवापुढे उभे राहून करणे ही वृत्ती प्रामाणिक नाही, हे तर उघडच आहे. परंतु तिचा दोष केवळ अप्रामाणिकपणाचा असता, तर तिकडे काणाडोळा करता आला असता. तिच्यामुळे आपण आपले एक कर्तव्य चुकवीत आहोत, आणि त्याची किंमत मुंबई-मडगावची मुले देत नसून भलतीच मुले देत आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

ती मुले कोणती हे कळावे म्हणून वाचकांना एका दूरच्या गावी नेतो. तुकईथड हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. मध्यप्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, मेळघाटाच्या उत्तरेस हे गाव आहे. गावाच्या नावातच तुकाईचा उच्चार आहे. खंडव्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटर गेज लोहमार्गावर त्याचे स्थानक होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी या मुलखाची राजधानी नागपूर होती. ती पुढे भोपाळ झाली, आणि सीमेच्या अलीकडची मराठी घरे हिंदी राज्यात राहिली. अशा गावातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी डोळ्यांपुढे आणा. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि पुढच्या शिक्षणाची इच्छा. त्याच्यापुढे उत्तरेला खंडव्यावरून इंदूर आहे आणि दक्षिणेला अकोल्यावरून नागपूर आहे. इंदुरास कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ मध्ये स्थापिलेले इंदूर ख्रिश्चन कॉलेज आहे. नागपुरास स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याच्या नावाने १८८३ मध्ये निघालेले हिस्लॉप कॉलेज आहे. लोहमार्गाच्या दोन्ही दिशांना मिशनऱ्यांनी शंभर वर्षांहूनही आधी घर बांधून ठेवले. या दोन टोकांच्या मधल्या मुलासाठी आपण काय बांधले, हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा आणि मग सुस्कारा टाकावा.

मिशनऱ्यांविषयीची आपली भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणत नाही. ती इतिहासातून आलेली आहे. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या समाजात हलकल्लोळ झाला आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचे धर्मांतर झाले. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा बापाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. १८४४ मध्ये मंगळुरास बासेल मिशनच्या सहवासात आलेला आनंदराव कौंडिण्य हा सारस्वत तरुण ख्रिस्ती झाला. या घटना आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनावर कोरल्या गेल्या, यात नवल नाही.

पण या प्रसंगांतली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सांगण्याचे आपण सोयीस्करपणे टाळतो. न्यायालयाने श्रीपतला बापाच्या स्वाधीन केले. त्यानंतर त्याला पुन्हा धर्मात घ्यावयाचे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा त्याच्या वाटेत आडवे आले ते मिशनरी नव्हते. आपलेच सनातनी आडवे आले. त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना स्वकीयांशीच झगडावे लागले आणि त्यापायी निंदा सोसावी लागली. मुलगा गेला म्हणून रडणारे आम्ही, आणि मुलगा परत आला तर दार लावून घेणारेही आम्हीच. १८४३ सालची ही खोड आजही गेलेली नाही; तिचे रूप तेवढे पालटले आहे.

आजची स्थिती पाहा. भारतीय संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने स्पष्ट सांगितले आहे की, राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याच्या पैशातून साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येणार नाही. एखाद्या कॉलेजात याचा भंग होत असेल तर पालकाने तेथे कायदा हाती धरून उभे राहावे. त्याच्या पाठीशी मी उभा राहीन. परंतु हा हक्क न बजावता केवळ कुजबुज करणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे.

आणि मिशनच्या बाकावर बसल्याने धर्म बुडतो हे म्हणणे तर इतिहासाने केव्हाच खोटे पाडले आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण घ्या. दापोलीच्या मिशन शाळेत शिकून ते मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. तेथूनच ते बी. ए. आणि एम. ए. झाले. त्याच काण्यांनी पुढे धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. १९३० मध्ये पहिला खंड निघाला आणि १९६२ मध्ये अखेरचा. साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे झाली, आणि १९६३ मध्ये राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले. आज श्राद्धाविषयी, व्रताविषयी वा प्रायश्चित्ताविषयी वाद निघाला तर आपले शास्त्रीबुवाही ज्या ग्रंथाचे पान उलटतात, त्याचा कर्ता पाद्र्यांच्या कॉलेजातून आलेला आहे. दुसरे उदाहरण नागपूरचे. माधव सदाशिव गोळवलकर हे इंटर सायन्सपर्यंत हिस्लॉप कॉलेजात शिकले आणि पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात गेले. बायबलच्या तासाला प्राचार्यांनी दिलेला संदर्भ चुकीचा असल्याचे या विद्यार्थ्याने दाखवून दिले, अशी आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांचे हिंदुत्व हिस्लॉपमध्ये पातळ झाले असे कोणीही म्हणणार नाही. ज्याच्या घरी काही आहे त्याला परक्या घराची भीती नसते. परक्या घरी जाऊन जो हरवतो, तो बहुधा रिकाम्या हातांनी गेलेला असतो. आणि ते हात रिकामे कोणी ठेवले, याचा शोध घेऊ लागलो तर बोट आपल्याकडेच वळते.

मग कॉलेजात मुलगा खरोखर कशात रमतो? वर्गात तो रमत नाही, हे कोणताही प्राध्यापक सांगेल. प्रार्थनागृहातही तो रमत नाही. तो रमतो मंडळात. वादविवादमंडळ, वाङ्मयमंडळ, नाट्यमंडळ, संगीतमंडळ, गिर्यारोहणाचा संघ, वसतिगृहाची भोजनसमिती, ही त्याची खरी शाळा असते. तेथे काय घडते ते नीट पाहावे. सतरा-अठरा वर्षांची मुले आपल्यातून चिटणीस निवडतात; हरलेल्याला जिंकलेल्याच्या हाताखाली काम करावे लागते. सभेचा वृत्तांत वहीत लिहावा लागतो आणि पुढच्या सभेत तो वाचून मंजूर करून घ्यावा लागतो. वर्गणीचा पै-पैचा हिशेब चार चौघांपुढे ठेवावा लागतो. ज्या मताचा आपल्याला तिटकारा आहे त्या मताची बाजू चिठ्ठी निघाली म्हणून मांडावी लागते, आणि समोरच्याचे भाषण मध्येच न तोडता ऐकावे लागते. एखादी मुलगी अध्यक्षस्थानी बसते आणि तिने घंटा वाजविली की मोठा वक्ताही खाली बसतो. हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि स्वतंत्र देशाच्या नागरिकाला याहून उपयोगी शिक्षण दुसरे नाही.

यात ख्रिस्ती असे काय आहे? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजाची गोष्ट सांगतो. जेझुइटांनी १८६९ मध्ये ते स्थापिले. तेथे १९७३ मध्ये विद्यार्थ्यांचा भारतीय संगीताचा एक गट निघाला. त्या गटाने गवय्यांना बोलावून कॉलेजच्या चौकात रात्र-रात्र मैफली घडविल्या. १९७९ मध्ये सुरू झालेल्या त्याच कॉलेजच्या महोत्सवाला नाव मिळाले ते मल्हार रागाचे. फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटाने १९२६ मध्ये तेथे भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था काढली आणि आपल्या देवमूर्तींचा अभ्यास केला. सांगण्याचा मुद्दा हा की, पाद्र्यांच्या दगडी चौकात पहाटे भैरव ऐकावयास मुले बसतात, आणि आपल्या देवळांच्या नगारखान्यात सनई-चौघड्याच्या जागी विजेवर चालणारे यंत्र घंटा बडविते! संगीताने मुले पळविली असे आपण म्हणतो. पण ते संगीत आधी आपल्या अंगणातून कोणी हाकलले?

आपल्या तुकईथडच्या शेजारच्या खंडव्याचाच एक मुलगा स्वातंत्र्याच्या सुमारास इंदूर ख्रिश्चन कॉलेजात गेला. गांगुलींच्या घरातला आभासकुमार तो. पुढे साऱ्या देशाने त्याला किशोरकुमार म्हणून ओळखले. कॉलेजातल्या उपाहारगृहाच्या त्याच्या उधारीची गोष्ट इंदुरात अजून हसत हसत सांगतात. त्या आवारातली बेफिकिरी, मित्रांची टोळकी आणि गाणे यांची आठवण त्या शहराने जपली आहे. कोणीही असे म्हटलेले नाही की त्या कॉलेजने त्याला ख्रिस्ती केले. त्या वयात मुलाला जे हवे असते ते तेथे मिळाले, एवढेच: समवयस्कांची संगत, थोडे स्वातंत्र्य, आणि आपला गुण दाखविण्यास एक व्यासपीठ.

या मंडळांतून राष्ट्र कसे घडते याचा पुरावा मुंबईतच आहे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आपली साहित्य व शास्त्र विषयांची सभा स्थापिली. ती संस्था सरकारी होती, मिशनची नव्हती. पण मंडळ कशाला म्हणतात हे पाहावयाचे तर तिच्याकडे पाहावे. निबंध वाचता वाचता त्या तरुणांना वाटले की आपल्या बहिणी निरक्षर असताना आपण शास्त्राच्या गोष्टी करणे लाजिरवाणे आहे. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी मोकळ्या वेळात स्वतः शिकविले. दादाभाई नौरोजी त्यांच्यात होते. लोक खवळले, तेव्हा नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. ज्या घराण्याने नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे देऊळ बांधले त्याच घराण्याचा हा पुरुष. देऊळ बांधणे आणि विद्यार्थ्यांच्या मंडळाला जागा देणे यांत त्याला विरोध दिसला नाही. तो आपल्याला का दिसावा?

आता मिशनच्या कॉलेजांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर हा लेख त्यांचे प्रशस्तिपत्र ठरेल. त्यांच्या मंडळांचे आजचे रूप सर्वस्वी गौरवास्पद नाही. महोत्सवांवर मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींचे तोरण लागते. खर्चाचा आकडा हाच यशाचा मापदंड होऊन बसतो. त्याहून मोठा दोष इंग्रजीचा. शहरी शाळांतून आलेली मुले पहिल्या आठवड्यातच सारी मंडळे ताब्यात घेतात, आणि तुकईथडचा मुलगा, ज्याच्याजवळ मराठी, हिंदी आणि कदाचित शेजारची कोरकूही आहे, तो आपल्या तीन भाषा गिळून मागच्या रांगेत उभा राहतो. जातीची उतरंड मोडल्याचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थेत उच्चाराची नवी उतरंड उभी राहिली, तर तिने काय साधले? हिस्लॉपसाहेबाने गोंडांमध्ये हिंडून त्यांची गीते टिपून घेतली. त्याच्या नावाचे ऋण मानणाऱ्यांनी खेड्यातल्या मुलाच्या बोलीची लाज वाटू देता कामा नये. प्रत्येक कॉलेजात मराठी मंडळ असावे, गोव्यात व मंगळुरात कोंकणी मंडळ असावे, आणि त्याला इंग्रजी मंडळाच्या बरोबरीने पैसा, जागा व मान मिळावा, अशी मागणी आपण पालक म्हणून खुशाल करावी. मात्र ती मागणी करण्याचा अधिकार कमवावा लागतो. आणि तो कमविण्याची जागा आपले स्वतःचे आवार आहे.

तेव्हा आपल्या आवारात येऊ या. आपल्या देवळातील गर्भगृहाच्या पुढच्या भागाला आपण सभामंडप म्हणतो. या शब्दाचा अर्थ कधी मनाशी घोळविला आहे काय? ज्या पूर्वजांनी हे नाव ठेवले त्यांना देवापुढे सभा भरावी असे वाटत होते. तेथे पुराण सांगितले जाई, कीर्तन होई, पंडितांचा शास्त्रार्थ होई, आणि पूर्वपक्ष मांडणाऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकल्यावाचून उत्तरपक्ष उभा राहत नसे. वादविवादमंडळ आपण विलायतेतून शिकलो असे म्हणणारे आपलाच वारसा विसरले. आज त्या सभामंडपात काय दिसते? संगमरवरी फरशी, तिच्यावर देणगीदारांची नावे, आणि भिंतीवर 'येथे बसू नये' अशी पाटी. सभा नाही, मंडप तेवढा उरला. उत्सवाच्या चार दिवसांत तरुणांना बोलावणे होते, पण ते कशासाठी? रांगा लावण्यासाठी, पत्रावळी उचलण्यासाठी, पालखीला खांदा देण्यासाठी. ही सेवा मोलाचीच आहे. पण समितीत बसून एक प्रश्न विचारावा तर 'तू अजून लहान आहेस' हे उत्तर ठरलेले. जेथे खांदा चालतो पण तोंड चालत नाही, तेथे तरुण किती दिवस येईल?

आणि आपल्या अग्रशाळा! गोव्यातल्या मोठ्या देवस्थानांत यात्रेकरूंसाठी बांधलेल्या या खोल्या जत्रेच्या दिवसांत भरतात आणि एरवी त्यांतल्या कित्येक कुलुपात असतात. मुंबई-पुण्यातल्या आपल्या समाजमंदिरांची सभागृहे लग्नाच्या मुहूर्तांना भाड्याने जातात. त्याच वेळी दूरच्या गावाहून आलेला विद्यार्थी एका खाटेसाठी गावभर हिंडतो. त्याला खाट कोणी दिली तर आपण म्हणतो, "पाहा, त्यांनी मुलाला ओढले." ओढले नाही हो, तो पावसात उभा होता, त्यांनी दार उघडले.

हे आपल्याला जमणारे नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण ज्यांना करावयाचे होते त्यांनी केले आहे. मंगळुरास मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, १८८० मध्ये सेंट अलॉयशियस कॉलेजही निघाले. तेव्हा अम्मेंबळ सुब्बराव पै या गौड सारस्वत वकिलाने बहिष्काराची सभा भरविली नाही. १८९१ मध्ये कॅनरा हायस्कूल काढले, १८९४ मध्ये मुलींची शाळा काढली, आणि १९०६ मध्ये जी पतपेढी स्थापिली तीच आजची कॅनरा बँक. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहे उभी केली. पुण्याच्या तरुणांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापून मिशनला आणि सरकारला एकाच वेळी उत्तर दिले. मडगावच्या कॉलेजाला १९७३ मध्ये श्रीदामोदराचे नाव मिळाले. आणि तुकईथडहून फार लांब नसलेल्या शेगावास गजानन महाराज संस्थानाने १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. दर्शनाच्या रांगेइतकीच तेथील शिस्त विद्येच्या कामातही दिसते. मिशनला उत्तर द्यावयाचे तर ते असे द्यावे. या मंडळींच्या तोंडी मिशनविरुद्धचा सुस्कारा शोभला असता. पण त्यांना सुस्कारे टाकण्यास फुरसत नव्हती.

येथे एक आक्षेप हमखास येतो. "ख्रिस्ती संस्थांना तिसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे, आपल्याला काय आहे?" हा आक्षेप अर्धे वाचून घेतलेला आहे. तिसाव्या अनुच्छेदाने आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क अल्पसंख्याकांना दिला आहे. ते अल्पसंख्याक धर्माचे असोत किंवा भाषेचे असोत, असे त्यात स्पष्ट शब्द आहेत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने असा निर्णय दिला की, अल्पसंख्याक कोण हे राज्याच्या मापाने ठरवावयाचे. आणि तो खटला कोणाच्या नावाने ओळखला जातो? टी. एम. ए. पै प्रतिष्ठानाच्या नावाने. म्हणजे मणिपालच्या ओसाड माळावर विद्यानगरी वसविणाऱ्या आपल्याच कोंकणी माणसाच्या नावाने. याचा अर्थ असा की मध्यप्रदेशात मराठी भाषक आणि कर्नाटकात कोंकणी भाषक हे या हक्काचे धनी आहेत. ज्या कलमाकडे बोट दाखवून आपण मत्सर करतो, ते कलम तुकईथडच्या मराठी घरांसाठीही लिहिलेले आहे. शस्त्र भिंतीला टांगलेले आहे. उचलणारा हात नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला मी उत्तर देणार नाही. चांदीचे मखर करण्यास, शिखराला सोन्याचा मुलामा देण्यास आणि वर्धापनदिनाच्या संतर्पणास पैसा कसा जमतो हे ज्याने पाहिले आहे, त्याच्यापुढे हा आक्षेप घेण्याचे धैर्य कोणी करू नये. मखराला माझा विरोध नाही. देव नटलेला सर्वांनाच आवडतो. परंतु दर दहा रुपयांतला एक रुपया विद्येच्या नावाने वेगळा काढला, तर देवाच्या अंगावरचा एकही दागिना उतरवावा लागणार नाही.

तिसरा आक्षेप पावित्र्याचा. मुले येतील, मोठ्याने बोलतील, वाद घालतील, कदाचित देवाच्या अस्तित्वाविषयीही शंका काढतील. काढू द्यावी. नचिकेत्याने यमाच्या दारात बसून प्रश्न विचारले आणि अर्जुनाने रणांगणावर विचारले. दोघांनाही 'गप्प बस' असे उत्तर मिळाले नाही. ज्या धर्माचे श्रेष्ठ ग्रंथ शिष्याच्या शंकेतून जन्मले, त्याच्या देवळात शंकेला बंदी असावी हाच खरा अधर्म.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या देवस्थानाला अग्रशाळा वा समाजगृह आहे त्याने त्यातील दोन खोल्या तरी बारमाही विद्यार्थ्यांसाठी राखाव्या, आणि त्या देताना मुलाचे गुण व गरज पाहावी. कूळ-गोत्र विचारू नये. सभामंडप आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या मंडळाला द्यावा. त्या मंडळाचे पदाधिकारी मुलामुलींनी स्वतः निवडावे, वही त्यांनी लिहावी, हिशेब त्यांनी ठेवावा. वडीलधाऱ्यांनी श्रोत्यांत बसावे आणि बोलावयाचे असेल तर हात वर करून अध्यक्षाची परवानगी मागावी. देवस्थानाच्या समितीत एक जागा पंचविशीच्या आतल्या सभासदाला असावी, आणि त्याचे मत मोजले जावे. आणि ज्या सीमावर्ती मुलखांत आपली भाषा बोलणारी माणसे विखुरलेली आहेत, तेथे मोठ्या देवस्थानांनी मिळून एखादे वसतिगृह बांधावे. बुऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर ही नावे मी उगाच घेतलेली नाहीत.

यातले काहीच करावयाचे नसेल तर निदान एक तरी करावे. येत्या वार्षिक सभेत जेव्हा कोणी म्हणेल की आपली मुले मिशनच्या कॉलेजात रमतात, तेव्हा त्याला विचारावे: "त्यांनी आपल्याकडे कोठे रमावे, ती जागा दाखवा." जागा दाखविता आली तर तक्रार ऐकून घेऊ. दाखविता आली नाही तर सभा तेथेच तहकूब करावी, मंडपातील 'येथे बसू नये' ही पाटी उतरवावी, आणि मगच घरी जावे.